टस्कीगीचे मोटन फील्ड : एका प्रशिक्षण विमानतळाचा इतिहास

टस्कीगी हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हे छोटे गाव व तेथील शिक्षणसंस्था महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. भुईमूग आणि रताळे यांवर संशोधन करणारे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ पासून ५ जानेवारी १९४३ रोजी देहावसान होईपर्यंत याच संस्थेत कार्यरत होते. मात्र त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत त्याच गावाच्या आकाशात प्रशिक्षणाच्या विमानांची घरघर सुरू झाली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टस्कीगी येथे उभारण्यात आलेला 'मोटन फील्ड' हा विमानतळ म्हणजे अमेरिकेच्या सैन्यदलात कृष्णवर्णीय तरुणांना वैमानिकाचे प्राथमिक शिक्षण देणारे एकमेव केंद्र होते. या केंद्राचा इतिहास हा विमानांचा इतिहास आहेच; शिवाय संधी नाकारली गेलेल्या समाजाची पात्रता सिद्ध होण्यासाठी कोणती पूर्वतयारी लागते, याचाही तो एक वस्तुपाठ आहे.

पूर्वग्रहाला अहवालाचे रूप

अमेरिकेत गुलामगिरीची प्रथा १८६५ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. तथापि दक्षिणेकडील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, दवाखाने अशा सर्व ठिकाणी गोऱ्या व काळ्या नागरिकांसाठी वेगवेगळी व्यवस्था करणारे कायदे पुढील अनेक दशके अमलात राहिले. सैन्यातही हाच भेद होता. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत आणि त्यांतील बहुसंख्य सैनिकांना लढाईऐवजी ओझी वाहणे, रस्ते बांधणे, स्वयंपाक करणे अशी कामे देण्यात येत.

१९२५ साली अमेरिकन सैन्याच्या युद्धशास्त्र महाविद्यालयाने युद्धात कृष्णवर्णीय मनुष्यबळाचा उपयोग कसा करावा, या विषयावर एक अहवाल तयार केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने, धैर्याने व नेतृत्वगुणाने उणा असतो, असे त्यात नमूद करण्यात आले होते. एका सामाजिक पूर्वग्रहाला सरकारी दस्तऐवजाची प्रतिष्ठा प्राप्त झाली. ज्यांना कधी विमानाजवळ फिरकू दिले नव्हते, त्यांना विमान चालविता येत नाही असा निष्कर्ष काढण्यात आला आणि पुढे त्याच निष्कर्षाच्या आधारे त्यांना विमानापासून दूर ठेवण्यात आले.

अशा परिस्थितीतही काही जिद्दी माणसांनी आपला मार्ग शोधला होता. बेसी कोलमन या तरुणीला अमेरिकेत कोणी उड्डाण शिकविण्यास तयार होईना. तेव्हा तिने फ्रान्सला जाऊन १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन या तरुणाने उसनवारी करून स्वतःचे विमान विकत घेतले, बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने ते चालविण्यास शिकला आणि १९२९ मध्ये परवानाधारक वैमानिक झाला. हेच अँडरसन पुढे टस्कीगीचे मुख्य उड्डाण प्रशिक्षक झाले.

साठ वर्षांची पूर्वतयारी

टस्कीगी संस्थेची स्थापना ४ जुलै १८८१ रोजी झाली. तिचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामगिरीत जन्मलेले होते. संस्थेजवळ इमारती नव्हत्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या आणि स्वतःचे वर्ग बांधले. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, शेती व यंत्रविद्या यांचे शिक्षण हे संस्थेचे वैशिष्ट्य होते. दुसरे प्रमुख रॉबर्ट रुसा मोटन यांनी १९१५ पासून १९३५ पर्यंत संस्थेची धुरा वाहिली. १९२३ मध्ये टस्कीगी येथे माजी सैनिकांसाठी शासकीय रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथे कृष्णवर्णीय डॉक्टर व परिचारिका यांची नेमणूक झाली पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला आणि विरोधाला न जुमानता तो तडीस नेला. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. नव्या विमानतळास त्यांचेच नाव देण्यात आले.

विमानविद्या टस्कीगीत आली ती १९३९ मध्ये. युरोपात युद्धाचे ढग जमू लागल्यावर अमेरिकन शासनाने महाविद्यालयीन तरुणांसाठी नागरी वैमानिक प्रशिक्षण योजना सुरू केली. या योजनेच्या कायद्यात वंशाच्या कारणावरून कोणासही वगळू नये, असे कलम घालण्यात आले होते. तिसरे प्रमुख फ्रेडरिक डी. पॅटरसन यांनी ही संधी हेरली. प्रारंभी जवळ योग्य विमानतळ नसल्याने विद्यार्थ्यांना उड्डाणाच्या पाठासाठी मंटगमरी या दूरच्या शहरी जावे लागे. पुढे गावाच्या दक्षिणेस असलेली 'केनेडी फील्ड' ही गवताळ धावपट्टी वापरण्यायोग्य करण्यात आली. १९४० मध्ये परीक्षेस बसलेली पहिली तुकडी उत्तीर्ण झाली आणि तिचा निकाल दक्षिणेकडील संस्थांमध्ये लक्षणीय ठरला. याप्रमाणे सैन्याची योजना येण्यापूर्वीच टस्कीगीजवळ प्रशिक्षक, वर्ग, कार्यशाळा व काही अनुभव एवढे भांडवल जमा झाले होते.

स्वीकारावे की नाकारावे?

कृष्णवर्णीय नागरिकांच्या संघटना व वृत्तपत्रे यांनी सातत्याने केलेल्या मागणीमुळे आणि न्यायालयीन दाव्याच्या दडपणामुळे जानेवारी १९४१ मध्ये युद्ध खात्याने कृष्णवर्णीयांची एक लढाऊ विमानतुकडी उभारण्याचे जाहीर केले. '९९वी स्क्वॉड्रन' या नावाने ती २२ मार्च १९४१ रोजी अस्तित्वात आली. तिच्या यांत्रिकांचे शिक्षण इलिनॉय राज्यातील शान्यूट फील्ड येथे आणि वैमानिकांचे शिक्षण टस्कीगी येथे व्हावे, असे ठरले.

या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले, असे मात्र नाही. युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार विल्यम हेस्टी हे स्वतः कृष्णवर्णीय कायदेपंडित होते. वेगळा तळ, वेगळी तुकडी आणि वेगळे भोजनगृह हे सर्व स्वीकारणे म्हणजे भेदभावावर आपणच शिक्कामोर्तब करणे होय, अशी त्यांची भूमिका होती. वैमानिकांना देशातील इतर तळांवर गोऱ्या छात्रांसमवेत शिकविले पाहिजे, असे ते आग्रहाने मांडत. उलट, आज मिळालेले दार लहान असले तरी त्यातून आत जावे आणि आपल्या कर्तृत्वाने ते मोठे करावे, असा पॅटरसन प्रभृतींचा विचार होता.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. हेस्टी यांनी जानेवारी १९४३ मध्ये हवाई दलातील भेदभावाच्या निषेधार्थ आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्या निषेधामुळे शासनावर दडपण आले आणि काही सुधारणा झाल्या. दुसरीकडे टस्कीगीतून बाहेर पडलेल्या वैमानिकांनी पूर्वग्रह खोटे ठरविणारा पुरावा निर्माण केला. पुढे सैन्यातील भेद संपला, त्यास तत्त्वासाठी झगडणारे आणि प्रत्यक्ष काम करून दाखविणारे हे दोन्ही वर्ग कारणीभूत झाले.

विमानतळाची उभारणी

प्राथमिक प्रशिक्षणासाठी नवा विमानतळ बांधणे आवश्यक होते. परंतु पैसा नव्हता. ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय मुलांच्या हजारो शाळांना साहाय्य करणाऱ्या ज्यूलियस रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्तांची बैठक मार्च १९४१ मध्ये टस्कीगी येथे भरली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी श्रीमती एलिनोर रूझवेल्ट या निधीच्या विश्वस्त होत्या. २९ मार्च रोजी त्या उड्डाणकेंद्र पाहावयास गेल्या आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या चिंतेकडे दुर्लक्ष करून अँडरसन यांच्या छोट्याशा पायपर कब विमानात बसल्या. कृष्णवर्णीय वैमानिकाच्या मागे बसलेल्या, हसतमुख श्रीमती रूझवेल्ट यांचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले. या उड्डाणामुळेच टस्कीगीची योजना मंजूर झाली, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते बरोबर नाही, कारण योजना आधीच जाहीर झाली होती. तथापि लोकमतावर त्या छायाचित्राचा मोठा परिणाम झाला आणि निधीने विमानतळासाठी १,७५,००० डॉलरचे कर्ज दिले, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

बांधकाम आर्ची अलेक्झांडर या कृष्णवर्णीय अभियंत्याकडे सोपविण्यात आले. संस्थेच्या कुशल कामगारांचा त्यात मोठा वाटा होता. गवताळ उड्डाणभूमी, विमाने ठेवण्याचे विटांचे हँगर, कार्यालये, कोठारे, इंधनाची सोय, नियंत्रण मनोरा अशी रचना टप्प्याटप्प्याने उभी राहिली. बांधकाम पूर्ण होण्याची वाट न पाहता १९४१ च्या उन्हाळ्यातच उड्डाणाचे पाठ सुरू करण्यात आले.

याच वेळी काही मैलांवर 'टस्कीगी आर्मी एअर फील्ड' हा सैन्याचा मोठा तळ बांधण्यास जुलै १९४१ मध्ये प्रारंभ झाला. त्याचा आराखडा हिलियर्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केला आणि बांधकाम मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीयांच्याच कंपनीने केले. मोटन फील्डची मालकी व दैनंदिन व्यवस्था संस्थेकडे होती आणि ते सैन्याशी झालेल्या करारानुसार चालविले जाई. मोठा तळ मात्र पूर्णतः सैन्याचा होता. या दोन विमानतळांतील हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

प्रशिक्षणाचा क्रम

१९ जुलै १९४१ रोजी संस्थेच्या आवारातील बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुतळ्यासमोर पहिल्या वर्गाचे उद्घाटन झाले. या वर्गात १२ छात्र आणि एक अधिकारी असे १३ जण होते. अधिकारी होते कॅप्टन बेंजामिन ओ. डेव्हिस (धाकटे). वेस्ट पॉइंटच्या सैनिकी महाविद्यालयात चार वर्षे त्यांच्याशी कोणीही सहाध्यायी कामाखेरीज बोलत नसे. ते एकटे राहिले, एकटे जेवले आणि १९३६ मध्ये उत्तम रीतीने पदवीधर झाले. हवाई दलात जाण्याचा त्यांचा पहिला अर्ज, कृष्णवर्णीयांची तुकडीच नसल्यामुळे, फेटाळण्यात आला होता.

प्रशिक्षण तीन टप्प्यांत विभागलेले होते. पहिला प्राथमिक टप्पा मोटन फील्डवर होत असे. त्यासाठी प्रामुख्याने 'स्टिअरमन' जातीची, एकावर एक असे दोन पंख असलेली उघडी विमाने वापरीत. एका आसनावर छात्र आणि दुसऱ्यावर प्रशिक्षक. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसल्यामुळे प्रशिक्षक रबरी नळीतून सूचना देई. छात्राला ऐकता येई, उत्तर देता येत नसे. काही तासांच्या सरावानंतर प्रशिक्षक खाली उतरत असे आणि छात्राला एकट्याने विमान उडवावे लागे. ज्यांना ते साधले नाही, त्यांना तेथूनच निरोप देण्यात येई. मोटन फील्डवरील प्रशिक्षक मुख्यत्वे कृष्णवर्णीय नागरी वैमानिक होते आणि अँडरसन त्यांचे प्रमुख होते.

दुसरा मूलभूत व तिसरा प्रगत टप्पा सैन्याच्या मोठ्या तळावर पार पडे. मूलभूत टप्प्यात 'बीटी-१३' या अधिक जड व अधिक शक्तीच्या विमानावर केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण, रात्रीचे उड्डाण आणि रांगेतील उड्डाण शिकवीत. प्रगत टप्प्यात 'एटी-६' हे वेगवान विमान आणि गोळीबाराचा सराव असे. त्यानंतर 'पी-४०' या प्रत्यक्ष लढाऊ विमानाचा परिचय करून देण्यात येई.

७ मार्च १९४२ रोजी पहिला दीक्षान्त समारंभ झाला. १३ पैकी केवळ ५ जणांच्या छातीवर वैमानिकाचे रुपेरी पंख लागले : बेंजामिन डेव्हिस, जॉर्ज रॉबर्ट्स, चार्ल्स डीबो, मॅक रॉस आणि लेम्युएल कस्टिस. दुसऱ्या वर्गातून तर तिघेच उत्तीर्ण झाले. प्रशिक्षणाची कसोटी किती कठोर होती, हे यावरून दिसून येते. १९४२ ते १९४६ या काळात टस्कीगी येथून ९९० हून अधिक वैमानिक तयार झाले. हैती या देशाचे काही तरुणही येथे शिकून गेले.

पंखांमागील हात

विमान उडविणारा एक असतो. ते उडावे म्हणून झटणारे अनेक असतात. टस्कीगीत प्रत्येक वैमानिकामागे दहांहून अधिक स्त्री-पुरुष निरनिराळी कामे करीत होते. इंजिन खोलून दुरुस्त करणारे यांत्रिक, हवामानाच्या नोंदी घेणारे, इंधन भरणारे, नियंत्रण मनोऱ्यावरील कर्मचारी, लेखनिक, आचारी, परिचारिका या साऱ्यांचे शिक्षण आणि काम हा या प्रयोगाचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. हवाई छत्र्या तपासून घडी घालण्याचे जोखमीचे काम स्त्रिया करीत. घडी चुकली तर छत्री उघडत नाही आणि ती चूक सुधारण्याची संधी पुन्हा मिळत नाही.

मिल्ड्रेड हेमन्स या तरुणीची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. टस्कीगीच्या नागरी योजनेतून १९४१ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळविला. सैनिकी वैमानिक होणे स्त्रीला शक्य नसल्यामुळे तिने विमानतळावर लेखनिकाची नोकरी पत्करली. पुढे स्त्री-वैमानिकांचे साहाय्यक दल निघाले, तेव्हा तिने अर्ज केला; परंतु वर्णाच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. स्त्री म्हणून एक दार बंद झाले आणि कृष्णवर्णीय म्हणून दुसरे. टस्कीगीने पुष्कळांना संधी दिली. सर्वांना दिली नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे.

तळावरील भिंती

मोठ्या तळावर प्रारंभी वरिष्ठ अधिकारी गौरवर्णीय होते आणि भोजनगृहांपासून प्रसाधनगृहांपर्यंत गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळ्या पाट्या होत्या. देशाच्या रक्षणासाठी प्राण पणाला लावण्यास सिद्ध झालेल्या तरुणाला आपल्या वरिष्ठाच्या टेबलापाशी बसता येत नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये नोएल पॅरिश या गौरवर्णीय अधिकाऱ्याकडे तळाची सूत्रे आली. याआधी प्राथमिक प्रशिक्षणाची देखरेख त्यांनीच केली होती. सर्वांना एकच मापदंड लावावयाचा, कोणास कमी करावयाचे नाही आणि कोणास सवलतही द्यावयाची नाही, हे त्यांचे धोरण होते. त्यांनी तळावरील वातावरण सुधारण्याचा प्रयत्न केला आणि युद्धानंतर १९४७ मध्ये हवाई दलातील वर्णभेद कसा अन्याय्य व अकार्यक्षम आहे, यावर प्रबंध लिहिला. कठोर पण निःपक्षपाती अधिकारी एखाद्या संस्थेचे रूप कसे पालटू शकतो, याचे हे उदाहरण प्रशासनात काम करणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

वर्णभेद अन्याय्य होता, तसाच तो खर्चिकही होता. इतर छात्रांसाठी देशभर अनेक प्रशिक्षण तळ उपलब्ध असताना कृष्णवर्णीयांसाठी मात्र सर्व काही एकाच ठिकाणी नव्याने उभारावे लागले. एकाच तळावर निरनिराळ्या टप्प्यांतील विमानांची गर्दी होई. जागेच्या मर्यादेमुळे अनेक पात्र उमेदवारांना प्रतीक्षा करीत राहावे लागे.

युद्धातील परीक्षा

९९वी स्क्वॉड्रन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेकडे निघाली. जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्रातील पँटेलेरिया बेटावरील कारवाईत तिने प्रथम भाग घेतला. २ जुलै १९४३ रोजी चार्ल्स हॉल यांनी शत्रूचे विमान पाडून पहिले यश मिळविले. तरीही काही महिन्यांतच, या तुकडीत लढाऊ वृत्ती नाही, तिला आघाडीवरून मागे घ्यावे, अशी शिफारस वरिष्ठांकडे पोहोचली. डेव्हिस यांना वॉशिंग्टन येथे चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली. त्यांनी संयमाने वस्तुस्थिती मांडली. सैन्याने आकडेवारीचा अभ्यास केला असता, ही तुकडी त्याच प्रकारच्या इतर तुकड्यांच्या तोडीची असल्याचे आढळून आले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस इटलीतील अँझिओ येथे तिने दोन दिवसांत शत्रूची डझनभर विमाने पाडली आणि आक्षेपकांना परस्पर उत्तर मिळाले.

पुढे टस्कीगीच्या चार तुकड्यांचा मिळून '३३२वा गट' इटलीतील रामितेल्ली तळावरून काम करू लागला. लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांचे शत्रूच्या हल्ल्यापासून रक्षण करणे ही त्यांची मुख्य कामगिरी होती. त्यांच्या 'पी-५१ मस्टँग' विमानांच्या शेपट्या लाल रंगाने रंगविलेल्या असत. त्यामुळे 'लाल शेपटीवाले' अशी त्यांची ख्याती झाली. २४ मार्च १९४५ रोजी बर्लिनपर्यंत केलेल्या मोहिमेत त्यांनी जर्मनांची तीन जेट विमाने पाडली. टस्कीगीच्या ३५५ वैमानिकांनी युद्धआघाडीवर सेवा केली आणि त्यांच्या नावावर शत्रूची ११२ विमाने हवेत पाडल्याची नोंद आहे. कित्येक जण परतले नाहीत. काहींना युद्धकैदी व्हावे लागले.

आख्यायिका आणि नोंदी

या वैमानिकांच्या संरक्षणाखाली असलेले एकही बाँबफेकी विमान शत्रूने कधी पाडले नाही, अशी आख्यायिका अनेक वर्षे प्रचलित होती. हवाई दलाच्या इतिहासकारांनी २००६ नंतर मूळ नोंदी तपासल्या असता ती खरी नसल्याचे दिसून आले. किमान २७ विमाने त्यांच्या संरक्षणाखाली असताना शत्रूच्या विमानांनी पाडली होती. मात्र त्याच हवाई सेनेतील, तशीच विमाने वापरणाऱ्या इतर गटांची सरासरी ४६ होती. म्हणजे आख्यायिका गळून पडली तरी कर्तृत्व उणे झाले नाही. 'एकही नाही' हे विधान ऐकावयास गोड आहे. परंतु 'इतरांपेक्षा बरेच कमी' हे विधान पुराव्यावर उभे आहे. शाळेत इतिहास शिकविताना शिक्षकांनी हा फरक विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा.

भेदाचा शेवट

युद्ध संपत आले तरी भेद संपला नव्हता. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड येथे टस्कीगीत शिकलेल्या अधिकाऱ्यांना अधिकारी-क्लबात प्रवेश नाकारण्यात आला. वेगळ्या क्लबाची व्यवस्था मान्य असल्याच्या कागदावर सही करण्यास १०१ अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि अटक पत्करली. युद्धकाळात वरिष्ठांची आज्ञा मोडण्याचे परिणाम गंभीर असतात, हे त्यांना ठाऊक होते. ही घटना आणि युद्धातील कामगिरी यांचा विचार पुढील धोरण ठरविताना झाला. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सैन्यदलात वंश, वर्ण वा धर्म यांवरून भेद न करता समान वागणूक व समान संधी देण्याचा आदेश काढला. १९४९ मध्ये हवाई दलाने त्याची अंमलबजावणी सुरू केली. बेंजामिन डेव्हिस १९५४ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले.

या इतिहासाचा महाराष्ट्राच्या विचारपरंपरेशी जवळचा संबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. सैनिकी पात्रतेचा प्रश्नही आपल्याकडे तसाच उभा राहिला. 'लढवय्या जाती'च्या कल्पनेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शासनाने महार समाजाची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. टस्कीगीचा पहिला वर्ग आणि बेळगावची ही पलटण यांत अडीच महिन्यांचेच अंतर आहे. जन्मावरून शौर्य ठरविणाऱ्या कल्पनेला जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी छेद गेला, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

आजचे मोटन फील्ड

१९४६ मध्ये प्रशिक्षण थांबले आणि दोन्ही विमानतळ शांत झाले. सैन्याच्या मोठ्या तळावरील इमारती पुढे राहिल्या नाहीत. मोटन फील्ड मात्र लहान विमानांसाठी वापरात राहिले आणि १९७२ मध्ये ते टस्कीगी नगराच्या मालकीचे झाले. १९८९ मध्ये एक हँगर आगीत नष्ट झाले. दुर्लक्षित झालेली ही जागा जतन व्हावी यासाठी वृद्ध झालेले वैमानिक व स्थानिक नागरिक यांनी प्रयत्न केले. ६ नोव्हेंबर १९९८ रोजी कायद्याद्वारे तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला. पहिल्या हँगरमधील संग्रहालय ऑक्टोबर २००८ मध्ये खुले झाले. जळालेल्या हँगरची पुनर्बांधणी करून २०१२ मध्ये तेथेही प्रदर्शन सुरू करण्यात आले. त्यापूर्वी, २९ मार्च २००७ रोजी, हयात असलेल्या वैमानिकांना अमेरिकन संसदेचे सुवर्णपदक समारंभपूर्वक प्रदान करण्यात आले. श्रीमती रूझवेल्ट यांच्या उड्डाणास त्या दिवशी ६६ वर्षे पूर्ण झाली होती.

जतनाच्या या कार्यात केवळ भिंती दुरुस्त करण्यात आल्या नाहीत. यांत्रिक, परिचारिका, लेखनिक, छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्या स्त्रिया अशा शेकडो व्यक्तींच्या आठवणी त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. आपल्या गावातही एखादी जुनी शाळा, बंधारा, वसतिगृह वा सहकारी संस्था असते आणि ती उभारणारे हात काळाच्या ओघात दिसेनासे होत असतात. ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून अशा ज्येष्ठांच्या आठवणी वेळीच टिपून ठेवल्या, तर पुढील पिढीस आपला इतिहास ऐकीव गोष्टींवरून न कळता नोंदींवरून कळेल.

टस्कीगीचा प्रयोग यशस्वी झाला तो १९४१ मध्ये आलेल्या एका आदेशामुळे नव्हे. विटा भाजण्यापासून यंत्रे दुरुस्त करण्यापर्यंत सर्व शिकविणारी संस्था तेथे साठ वर्षे उभी होती. म्हणूनच संधी आली त्या दिवशी तिचा लाभ घेणारी माणसे तयार होती. योजना शासनाकडून येते. तिच्यासाठी माणसे तयार करण्याचे काम मात्र शाळेच्या वर्गात, वर्षानुवर्षे, योजना येण्यापूर्वीच सुरू असावे लागते.